दहा वाजताचा बिघाड

"कोंबड्या कुठे आहेत?"

दार ढकलून आत आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो हा. बाहेर धुकं इतकं की आपलाच हात आपल्याला परका वाटावा, आणि आत काचघरातली ऊबदार, दमट हवा. आत पाऊल टाकताक्षणी त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हाताने दाराची चौकट घट्ट धरलेली, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या.

"कोंबड्या नाहीत, मिरच्या आहेत," ती म्हणाली. "ढोबळ्या. चालतील?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत वाफ. शेवटी तो नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून बघत म्हणाला, "मग मी चुकीच्या फाटकातून आलो."

फाटक चुकीचं असेलही, पण पेटीवर मोठ्या अक्षरात 'हीटर दुरुस्ती' लिहिलेलं होतं, आणि तिचा हीटर संध्याकाळपासून म्हाताऱ्यासारखा खोकत होता. अशा वेळी आयता घरात आलेला कारागीर कोण सोडेल? तिने विचारलं, कोंबड्या अर्धा तास थांबणार नाहीत का. तो म्हणाला, पिल्लं आहेत, कालच अंड्यातून बाहेर आलेली. त्यावर स्वतःच उठून तिने त्याला शेजारचं फाटक दाखवलं.

"आधी पिल्लं बघा. मग इकडे या. मी जागीच आहे."

आता खरं सांगायचं तर प्रेमाची सुरुवात इथेच झाली. तिला आवडलं की तो पिल्लांसाठी अडून बसला. त्याला आवडलं की हिने जाऊ दिलं. पण दोघांनाही ते कळायला बरेच दिवस लागले, कारण शहाणी माणसं या बाबतीत हमखास मंद असतात.

गल्लीत तिला सगळे 'काचवाली' म्हणत. लांबलचक काचघर, त्यात लाकडी फळ्यांवर रांगेने ठेवलेले ट्रे, आणि ट्रेमध्ये बोटभर उंचीची ढोबळी मिरचीची रोपं, आठ हजार. वर हजार-बाराशे जास्तीची पेरलेली, कारण बी-बियाण्याच्या धंद्यात मोजून पेरणारा तोंडावर पडतो. ही रोपं वाढवून भाजी पिकवणाऱ्यांच्या संघाला वेळेत द्यायची होती, आणि त्यावर बरंच काही अवलंबून होतं. वडील गेल्यावर जागा तिची आणि दादाची, दोघांची झाली होती. दादाला काचघर पाडून तिथे मालट्रकसाठी शेड बांधायची होती. तो काही वाईट माणूस नव्हे. त्याने सरळ सांगितलं होतं, या हिवाळ्यात रोपं धड निघाली तर काचघर तुझं, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही निघाली तर तू नाव काढायचं नाही. तिनेही तितक्याच सरळपणे हो म्हटलं होतं.

ढोबळी मिरची हे नाजूक प्रकरण. रात्री सोळा अंश ऊब मिळाली की खूश, दहाच्या खाली रुसते, सातच्या खाली गेली की मान टाकते. म्हणून काचवाली आणि तिची आत्या रात्री काचघरातच असत. मधोमध एक टेबल, दोन खुर्च्या, चहासाठी छोटी गॅसची शेगडी आणि आत्याचं विणकाम.

हीटरवाला तासाभराने खरोखर परत आला. त्याने हीटर उघडला, काजळी साफ केली, आणि म्हणाला की तुमचा हा हीटर हाताने चालू-बंद करण्याच्या जमान्यातला आहे, त्याला एक सेन्सर बसवून देतो. हवा गार झाली की हीटर आपोआप चालू, गरम झाली की आपोआप बंद. ती म्हणाली, बसवा. तो म्हणाला, रोपांमध्ये बसवतो, पानांच्या उंचीवर. ती म्हणाली, अजिबात नाही, माझ्या टेबलाच्या वरच्या खांबावर बसवा, म्हणजे बसल्या जागेवरून आकडा दिसेल.

तो म्हणाला, "सेन्सर रोपांसाठी असतो, तुमच्यासाठी नसतो."

"रोपं माझ्यासाठी आहेत. बसवा."

हसून त्याने खांबावर बसवला. चूक घडली ती इथे, आणि ती दोघांचीही होती. कारण खांबाच्या बरोबर खाली शेगडी होती, हे तिने बघितलं नाही आणि त्याने बघूनही मनावर घेतलं नाही. त्या वेळी तो सेन्सरपेक्षा बोलणाऱ्या बाईकडे जास्त बघत होता.

दुसऱ्या रात्री दहाच्या सुमारास हीटर बंद पडला. तिने फोन केला. तो अर्ध्या तासात आला, हत्यारं काढून समोर बसला, आणि हीटर आपला आपण सुरू झाला. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. दहा वाजले, हीटर गप्प, तो आला, हीटर सुरू. आत्या म्हणाली, याच्या येण्याचीच वाट बघतोय मेला.

चौथ्या रात्री तिच्या लक्षात आलं. दहा वाजता ती चहा ठेवत होती. चहाची वाफ थेट वरच्या सेन्सरला लागत होती, त्याला वाटत होतं काचघर तापलं, आणि तो हीटर बंद करत होता. चहा पिऊन झाला, वाफ निवली, की पुन्हा चालू. एवढंच! शेगडी दोन हात सरकवली की प्रश्न संपला असता.

तिने शेगडीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग दाराकडे...

आणि शेगडी तिथेच ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, आठ हजार रोपांशी असा खेळ? तर तशी ती हिशेबाची पक्की होती. भिंतीकडेला पाण्याची मोठी पिंपं ठेवलेली होती, ती दिवसभर ऊन पिऊन रात्री ऊब देत. हीटर तासभर बंद राहिला तरी रोपांपाशी पारा चौदाच्या खाली जात नसे. तिने तो चार वेळा तपासला होता. तासभर तर तासभर, तिला तेवढा पुरत होता.

त्या तासभरात काय काय झालं म्हणून सांगू! तिला कळलं की तो पावसात भिजलेल्या कुत्र्यांना गाडीत बसवून घरी नेतो आणि मग आईची बोलणी खातो. त्याला कळलं की ती रोपांशी बोलते, पण आळशी रोपांना शिव्याही घालते. तिच्या हातावर मातीचा डाग असला की तो न सांगता पुढे रुमाल करायचा. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली की ती तो हक्काने काढून आपल्या ओढणीने पुसून द्यायची, आणि परत देताना थोडा वेळ उगीच हातात धरायची. बिनचष्म्याचा तो फार वेगळा दिसायचा... आत्याच्या विणकामाचे टाके मात्र हल्ली फार सुटत होते.

एकदा त्याने विचारलं, "इतका बिघडणारा हीटर आहे, बदलत का नाही?"

"स्वभावाने चांगला आहे," ती म्हणाली. "सवय झाली की सोडवत नाही."

"हीटरबद्दल बोलताय ना?"

"तुम्ही कशाबद्दल विचारलंत?"

तो पेटीत पाना शोधायला लागला. पाना त्याच्या दुसऱ्या हातातच होता.

आत्या शेवटी एकदा बोललीच. तो गेल्यावर तिने सुया खाली ठेवल्या आणि म्हणाली, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? माणूस आवडला तर सांगून मोकळी हो, हीटरला का वेठीला धरतेस. काचवाली म्हणाली, सांगेन की, घाई काय आहे. आत्या म्हणाली, मांजर डोळे मिटून दूध पितं पोरी, पण त्याच्या पाठीत बसायचा तो दणका बसतोच.

तो दणका बाराव्या रात्री बसला.

त्या दिवशी सकाळपासून रेडिओवर थंडीच्या लाटेचं सांगत होते. रात्री पारा शून्यापर्यंत उतरणार, उघड्यावरची जनावरं आत घ्या. दादाचाही फोन येऊन गेला की सकाळी बघायला येतो. तिने त्या दिवशी चहा ठेवलाच नाही. शेगडी उचलून दाराजवळ नेली, काय तो पोरखेळ आज नको म्हणून. आणि बरोबर पावणेदहाला हीटरच्या पोटातून जळका वास आला, एक घरघर झाली, आणि पंखा थांबला.

तिने फोन लावला. पलीकडून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती. तो शेजारीच होता, कोंबड्यांच्या शेडमध्ये.

"हीटर बंद पडला," ती म्हणाली.

"शेगडी बंद करा," तो हसत म्हणाला, "दहा मिनिटांत सुरू होईल. इथलं आवरतो आणि चहाला येतो."

फोन ठेवला त्याने. ती तशीच उभी राहिली. म्हणजे त्याला माहीत होतं! कधीपासून? कान गरम झाले तिचे. लांडगा आला रे आला म्हणून आठ रात्री ओरडलेल्या बाईच्या दारात आज खरोखरचा लांडगा उभा होता. खांबावरचा आकडा पंधरावरून चौदावर गेला. लाजत बसायची ही वेळ नव्हती. तिने पुन्हा फोन लावला.

"नीट ऐका. शेगडी आज पेटवलेलीच नाही. आठ रात्री मी तुम्हाला खोटं सांगून बोलावलं. आज खोटं नाही सांगत."

पलीकडे हत्यारांची पेटी खाडकन मिटली. मग तो म्हणाला, "आलो."

आला तो धावतच. हीटरचं झाकण काढलं, बॅटरी मारली, आणि त्याचा चेहरा उतरला. पंख्याची मोटर जळाली होती. नवी मोटर सकाळी नऊला दुकान उघडल्यावर मिळेल, त्याआधी नाही. कोंबड्यांच्या शेडमधले हीटर आज काढले तर दोन हजार पिल्लं मरतील. तिने तसं सुचवलंही नाही.

"जळाली कशाने?" तिने विचारलं.

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, बहुधा तिचा चेहरा स्पष्ट दिसू नये म्हणून.

"जुनी मोटर आहे. रोज रात्री मध्येच बंद, मध्येच चालू... तो ताण तिला सोसला नाही. मला दुसऱ्याच रात्री कळलं होतं शेगडीचं. सेन्सर उचलून रोपांत लावायला पाच मिनिटं लागली असती. रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. रोज न सांगता जायचो."

"का?"

"सांगितलं असतं तर यायला कारण राहिलं नसतं."

एरवी हे वाक्य ऐकून ती हवेत तरंगली असती. आज तिला रडू आलं, आणि रागही, त्याचा कमी आणि स्वतःचा जास्त. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता तिने. वडिलांचं काचघर, आठ हजार रोपं, दादाला दिलेला शब्द, सगळं चहाच्या एका कपासाठी टांगणीला लावलं होतं. तिने डोळे पुसले. मग टेबलावरची वही, लोकर, खुर्च्या सगळं बाजूला ढकललं.

"रडायचं नंतर बघू. आत्ता काय करता येईल ते सांगा. नाही, थांबा, मीच सांगते."

आणि तिने सांगितलं. एवढं मोठं काचघर ऊबदार ठेवणं जमणार नव्हतं, मग काचघर लहान करायचं. सगळे ट्रे काचेपासून दूर, मधोमध, एकमेकांना चिकटवून आणायचे. त्यांच्यावर बांबूच्या कमानी रोवून प्लास्टिक, प्लास्टिकवर घरातल्या चादरी, दुलया, मिळेल ते. आणि आत, ट्रेंच्या मध्ये, गरम पाण्याने भरलेले डबे. गार झाले की बदलायचे. सकाळपर्यंत.

आत्या तडक घरात गेली, गीझर लावला, चुलीवर मोठी पातेली चढवली, आणि येताना घरातले सगळे पडदे काढून घेऊन आली.

मग सुरू झाली ती धावपळ. घरातून काचघरात, काचघरातून घरात, हातगाडीवर वाफाळते डबे. बाहेर इतकी थंडी की श्वास घेतला तरी नाक दुखावं. तुम्ही, अहो, जरा, असं बोलायला कुणाला सवड होती? "ए, ते टोक धर." "धरलंय, तू ओढ." "सावकाश, पाणी सांडेल." "तुझ्या बोटांचं बघ आधी." कधी बदललं त्यांचं त्यांना कळलं नाही. आत्याला कळलं. पण ती पाणी उकळण्यात गुंतली होती.

प्लास्टिकखाली साधा थर्मामीटर ठेवला होता. एक वाजता तेरा. तीन वाजता अकरा. दर अर्ध्या तासाला एकाने कडेने रांगत आत जायचं, गार डबे बाहेर सरकवायचे, गरम आत घ्यायचे. चारनंतर तो तिला म्हणाला की तू बस, मी करतो. ती म्हणाली, माझी रोपं आहेत. तो म्हणाला, चूक दोघांची आहे, तर रात्रही दोघांची. मग दोघंही बसले नाहीत.

साडेपाचला काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली. थर्मामीटर नऊवर आला. मग साडेआठ. ती गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात पाऱ्याकडे बघत राहिली. तो शेजारी येऊन बसला आणि त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. गरम डबे उचलून उचलून त्याचे तळवे लाल झाले होते, पण ऊबदार होते.

"गेली तर?" तिने विचारलं.

"गेली तर दादाला मी सांगेन की माझ्यामुळे गेली."

"काही सांगायचं नाहीस तू. माझं मी सांगेन." मग हळूच, "पण शेजारी उभा राहा."

"राहीन."

पारा आठवर थांबला. पंधरा मिनिटं थांबला, वीस मिनिटं थांबला. दोघं श्वास रोखून बसले होते, जणू जोरात श्वास घेतला तर घसरेल. मग पूर्वेकडची काच आधी राखाडी झाली, मग फिकट पिवळी, आणि पहिलं ऊन आत आलं. काचेवरची नक्षी थेंब थेंब गळायला लागली. पारा साडेआठ. नऊ. दहा. तिने चादर उचलली, प्लास्टिक बाजूला केलं, आणि आतली हिरवी, ओली, ऊबदार हवा तोंडावर आली. रोपं ताठ उभी होती. कडेच्या ट्रेमधली तेवढी काळी पडून आडवी झाली होती. तिने एक एक ट्रे मोजला. साडेतीनशे गेली होती. संघाला आठ हजार द्यायची, ती पुरून उरत होती.

मोजून झाल्यावर ती खाली बसली आणि मनसोक्त रडली, रात्री ठरवल्याप्रमाणे.

दादा आठ वाजता आला. बघतो तर घराच्या खिडक्या उघड्या-बोडक्या, घरचे पडदे मिरच्यांवर, आत्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरतेय, आणि बहिणीशेजारी एक अनोळखी माणूस, कोपरापर्यंत चिखल, मातीत बसलेला. तो काही विचारायच्या आत तिनेच उभं राहून सगळं सांगितलं. हीटर जळाला. माझ्या मूर्खपणामुळे जळाला. साडेतीनशे रोपं गेली. बाकीची उभी आहेत, मोजून घे.

दादाने मोजून घेतली नाहीत. तो ट्रेंच्या कडेने एकदा शेवटपर्यंत चालत गेला, खाली वाकला, एका पानाला बोट लावलं. परत येऊन म्हणाला की एवढ्या थंडीत ज्याची रोपं उभी राहिली त्याचं काचघर पाडणारा मी कोण. काचघर तुझं. मग त्याची नजर मातीतल्या माणसाकडे वळली.

"आणि हे कोण?"

हीटरवाला घाईने उठला, हात पँटला पुसले, आणि सांगायला लागला की मी हीटर दुरुस्तीचं काम...

"दादा," ती मध्येच म्हणाली, "याच्याशी मी लग्न करणार आहे. त्याला अजून विचारलेलं नाही. तेवढं विचारते, मग तुमची ओळख करून देते."

आत्याचं घोरणं एकदम थांबलं. डोळे मात्र तिने मिटलेलेच ठेवले.

तो चष्म्याशिवाय उभा होता. खिशात हात घालून त्याने चष्मा काढला, घातला, आणि तिच्याकडे नीट बघितलं. रात्रभराच्या जागरणाने लाल झालेले डोळे, केसांत माती, नाकाच्या शेंड्यावर काजळी. घाबरलेली मात्र मुळीच दिसत नव्हती.

"विचार," तो म्हणाला.

"करशील?"

"करीन."

"बघ हं, रात्री जागावं लागतं इथे."

"आज मोटर बसवली की जागावं लागणार नाही," तो म्हणाला. "झोपता येईल. फक्त घरी कुणाच्या जायचं ते ठरवावं लागेल."

दादाने एकदा त्याच्याकडे, एकदा बहिणीकडे बघितलं. मग कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या, आणि विचारलं की हे ट्रे परत कुठे ठेवायचे. तिघांनी मिळून ते काचेजवळच्या फळ्यांवर, उन्हात, एक एक करून मांडायला घेतले.